निळ्या पडद्याचे निदान : घरातील संगणक वारंवार कोसळत असल्यास

विंडोजवर चालणारा घरातील संगणक काम चालू असतानाच थांबतो, संपूर्ण पडदा निळा होतो, त्यावर काही ओळींचा संदेश उमटतो आणि थोड्याच वेळात यंत्र आपोआप पुन्हा सुरू होते. हा प्रकार वर्षातून एखाद्या वेळी घडला तर त्याकडे दुर्लक्ष केले तरी सहसा बिघडत नाही. मात्र तो आठवड्यातून अनेकदा घडू लागला, तर यंत्राच्या एखाद्या भागात किंवा त्यावर बसवलेल्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये ठरावीक दोष आहे असे धरून चालावे लागते. अशा वेळी बहुधा दोनच उपाय योजले जातात : एक तर संगणक फॉरमॅट केला जातो, म्हणजे डिस्कवरील सर्व काही पुसून विंडोज नव्याने बसवली जाते, किंवा दुकानदाराच्या अंदाजावर विसंबून रॅम अथवा एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा भाग, बदलला जातो. हे उपाय कधी कधी लागू पडतात, पण दोष नेमका कोठे होता हे त्यांतून कळत नाही, आणि फॉरमॅट केल्यावर तर दोषाचा माग काढण्यास उपयोगी पडणाऱ्या नोंदीही पुसल्या जातात. म्हणून आधी नोंदी वाचाव्यात, नंतर बिनखर्चाचे व मागे घेता येतील असे बदल एका वेळी एक याप्रमाणे करून पाहावेत आणि सर्वांत शेवटी पैसे खर्च करावेत, हा क्रम पाळणे हिताचे ठरते.

पडदा निळा का होतो

कोणत्याही कार्यप्रणालीचा एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. स्मृती (रॅम), डिस्क, पडदा, कळफलक यांसारख्या सर्व भागांवर त्याचे थेट नियंत्रण असते. ब्राउझर किंवा टंकलेखनाचे सॉफ्टवेअर या गाभ्याच्या बाहेर, प्रत्येकी स्वतंत्र कप्प्यात चालते, त्यामुळे त्यात चूक झाली तरी तेवढेच सॉफ्टवेअर बंद पडते. ड्रायव्हरची गोष्ट वेगळी आहे. ड्रायव्हर म्हणजे ग्राफिक्स कार्ड, वायफाय किंवा प्रिंटर अशा भागांशी कार्यप्रणालीचा संवाद घडवणारे सॉफ्टवेअर. ते बहुतांशी कर्नलच्या सोबत, त्याच स्मृतीत चालते, त्यामुळे त्याची एक चूक संपूर्ण यंत्रणेला भोवते. कर्नलला आपल्या स्मृतीत विसंगती आढळली, तर तसेच पुढे चालत राहिल्याने डिस्कवर चुकीची माहिती लिहिली जाण्याचा धोका असतो, म्हणून विंडोज हेतुपुरस्सर सर्व काम थांबवते, स्मृतीतील स्थितीची प्रत एका फाइलमध्ये ठेवते आणि थांबण्याचे कारण सांगणारा संकेत पडद्यावर दाखवते. या संकेताला स्टॉप कोड आणि या संपूर्ण प्रक्रियेला बगचेक असे म्हटले जाते. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून या पडद्यावर उदास चेहऱ्याचे चिन्ह दिसू लागले, आणि २०२५ मध्ये विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत पडद्याचा रंगच काळा करण्यात आला. तेव्हा नव्या संगणकावर स्टॉप कोडसह काळा पडदा दिसल्यास तोही याच प्रकारातला समजावा.

कर्नलमध्ये चालणाऱ्या सॉफ्टवेअरची चूक किती दूरवर पोहोचू शकते, हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेट फाइलमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले, आणि भारतातील विमानतळांवरही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ते सॉफ्टवेअर मुख्यतः संस्था वापरतात, त्यामुळे घरगुती संगणक त्या दिवशी बहुतेक सुटले. मात्र यंत्राचे सर्व भाग धडधाकट असूनही केवळ एका फाइलने संगणक वारंवार कोसळू शकतो, ही बाब घरगुती वापरकर्त्यानेही ध्यानात ठेवावी.

दुरुस्तीपूर्वी दोन कामे

पहिले काम बॅकअपचे. दोष डिस्कमध्ये असल्यास दुरुस्तीच्या प्रत्येक प्रयत्नाने तिच्यावर ताण वाढतो, म्हणून छायाचित्रे, कागदपत्रे आणि हिशेबाच्या फाइल्स बाहेरच्या डिस्कवर किंवा क्लाउडवर उतरवून घेतल्याशिवाय कोणत्याही चाचणीला हात घालू नये. दुसरे काम बिटलॉकरच्या किल्लीचे. बिटलॉकर ही डिस्कवरील मजकूर सांकेतिक स्वरूपात साठवणारी सोय असून अनेक नव्या लॅपटॉपमध्ये ती वापरकर्त्याच्या नकळत चालू झालेली असते. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डवरील सॉफ्टवेअरमध्ये, बदल केल्यावर किंवा दुरुस्तीच्या मार्गाने संगणक सुरू केल्यावर ती ४८ अंकी किल्ली मागू शकते. ही किल्ली बहुधा वापरकर्त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते. ती आधीच कागदावर उतरवून ठेवावी, कारण ती न सापडल्यास डिस्कवरील मजकूर कायमचा हातचा जातो.

नोंदी कशा वाचाव्यात

संदेश वाचण्यापूर्वीच यंत्र पुन्हा सुरू होत असेल, तर 'सिस्टिम प्रॉपर्टीज'मधील 'ॲडव्हान्स्ड' या भागातील 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'च्या चौकटीत जाऊन 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'समोरची खूण काढावी, म्हणजे पडदा स्थिर राहतो आणि मोबाइलवर त्याचे छायाचित्र घेता येते. छायाचित्रात स्टॉप कोड नीट यावा, आणि एखाद्या फाइलचे नाव दिसत असेल तर तेही यावे, कारण त्या नावावरून बहुधा संबंधित ड्रायव्हर ओळखता येतो.

पडदा पाहायचा राहिला तरी विंडोज स्वतः नोंद ठेवते. शोधचौकटीत 'रिलायबिलिटी' हा शब्द टाकल्यावर उघडणाऱ्या 'रिलायबिलिटी मॉनिटर'मध्ये दिवसागणिक आलेख दिसतो. कोणत्या तारखेला संगणक कोसळला आणि त्याच सुमारास कोणते सॉफ्टवेअर, ड्रायव्हर किंवा अपडेट बसले, हे त्यात एकाखाली एक वाचता येते, म्हणून तपासाला सुरुवात करण्यासाठी ही सर्वांत सोपी जागा आहे. याहून तपशीलवार माहिती 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये मिळते. तेथे 'बगचेक' या स्रोताची १००१ क्रमांकाची नोंद असेल, तर निळा पडदा खरोखर आला होता हे निश्चित होते. 'कर्नल-पॉवर' या स्रोताची ४१ क्रमांकाची नोंद मात्र एवढेच सांगते की संगणक रीतसर बंद न होता थांबला. तिच्या तपशिलात बगचेकच्या कोडपुढे शून्य असेल, तर वीज खंडित होणे, एसएमपीएसमध्ये बिघाड होणे किंवा यंत्र पूर्ण गोठणे या दिशेने विचार करावा. लोडशेडिंग किंवा विजेचा दाब वरखाली होणे नित्याचे असलेल्या भागात हा फरक विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण तेथे विजेच्या दोषालाच निळा पडदा समजून विंडोज नव्याने बसवली जाण्याचा संभव असतो.

कोसळण्याच्या क्षणी लिहिली गेलेली स्मृतीची छोटी प्रत, म्हणजे मिनीडंप, सी ड्राइव्हवरील विंडोजच्या फोल्डरात 'मिनीडंप' नावाच्या उपफोल्डरात सापडते. 'ब्लूस्क्रीनव्ह्यू' हे निःशुल्क सॉफ्टवेअर अशा सर्व फाइल्सची यादी तारीख, स्टॉप कोड आणि संशयित ड्रायव्हरसह मांडते, तर मायक्रोसॉफ्टचे 'विनडीबीजी' त्यांचे अधिक खोल विश्लेषण करते. संशयित म्हणून विंडोजच्याच कर्नलची फाइल दाखवली गेली, तर तिलाच दोषी मानू नये; चूक अन्यत्र झालेली असते आणि ती पकडणारा तेवढा कर्नल असतो.

स्टॉप कोडचा अर्थ

स्टॉप कोड हे लक्षण असते, निदान नव्हे. एकाच कोडमागे अनेक कारणे संभवतात. तरीही तपासाची दिशा त्यावरून ठरवता येते. 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल' आणि त्याच्याच आरंभी 'ड्रायव्हर' हा शब्द असलेला कोड यांचा अर्थ असा, की कर्नलमधील एखाद्या सॉफ्टवेअरने त्या क्षणी निषिद्ध असलेल्या पत्त्यावरील स्मृतीला हात लावला; येथे ड्रायव्हर प्रथम आणि रॅम नंतर तपासावी. 'मेमरी मॅनेजमेंट' आणि 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया' या कोडमध्ये रॅमचा संशय बळावतो. 'कर्नल डेटा इनपेज एरर' आणि 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' हे कोड डिस्क, तिची केबल किंवा तिचा नियंत्रक यांकडे निर्देश करतात. 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' हा कोड ग्राफिक्सचा असून ग्राफिक्स कार्डाने ठरलेल्या मुदतीत, जी मुळात २ सेकंदांची असते, प्रतिसाद दिला नाही आणि त्याला पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्नही फसला, असे तो सांगतो. 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर' बहुधा संगणक झोपेच्या स्थितीत जाताना किंवा तीतून जागा होताना येतो. 'व्हीया अनकरेक्टेबल एरर' मात्र प्रोसेसर किंवा मदरबोर्डने स्वतःहून कळवलेला हार्डवेअरचा दोष असतो, त्यामुळे तेथे विंडोज पुन्हा बसवण्यात वेळ घालवण्याआधी उष्णता, वीज आणि प्रोसेसर यांची तपासणी करावी.

एका कोडपेक्षा कोडची मालिका अधिक बोलकी असते. प्रत्येक वेळी तोच कोड आणि तीच फाइल येत असेल, तर दोष बहुधा विशिष्ट ड्रायव्हरमध्ये असतो. दर वेळी वेगळा कोड आणि वेगळी फाइल येत असेल, तर रॅम, वीजपुरवठा किंवा प्रोसेसर यांचा संशय घ्यावा, कारण सदोष स्मृतीत जो कार्यक्रम सापडेल तो कोसळतो. कोडसोबत प्रसंगही लिहून ठेवावा : खेळ चालू असताना, व्हिडिओ पाहताना, पेनड्राइव्ह लावताच, की काहीही न करता संगणक नुसता चालू असताना तो कोसळला, या माहितीने निम्मा तपास सोपा होतो.

सॉफ्टवेअरच्या बाजूची तपासणी

निळे पडदे ज्या दिवसापासून सुरू झाले, त्याच्या आधीच्या काही दिवसांत जे काही बसवले गेले असेल ते प्रथम काढावे. ड्रायव्हर बदलला असल्यास 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये त्या भागाच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'रोल बॅक ड्रायव्हर' या सोयीने आधीची आवृत्ती परत आणता येते. विंडोजचे एखादे अपडेट संशयित असेल, तर 'सेटिंग्ज'मधील अपडेटच्या इतिहासातून ते काढता येते. नवा ड्रायव्हर घ्यायचा झाल्यास तो संगणकाच्या किंवा त्या भागाच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये नवे करून देण्याचा दावा करणारी सॉफ्टवेअर टाळावीत, कारण चुकीचा ड्रायव्हर बसवून ती मूळ दोषात नव्याची भर घालू शकतात. बाहेरचे अँटिव्हायरस, विशेषतः एकाच वेळी दोन, बसवलेले असतील तर ते काही दिवसांपुरते काढून पाहावेत. ते काढल्यावर विंडोजचे स्वतःचे डिफेंडर आपोआप कामाला लागते.

संगणक सुरूच होत नसेल, तर सेफ मोडचा आधार घ्यावा. या स्थितीत विंडोज केवळ अत्यावश्यक ड्रायव्हर घेऊन सुरू होते. शिफ्टची कळ दाबून धरून 'रीस्टार्ट' निवडल्यास, किंवा सुरू होण्याचे प्रयत्न लागोपाठ फसल्यास, दुरुस्तीचा पडदा येतो आणि तेथून सेफ मोडमध्ये जाता येते. एरवी तासाभरात कोसळणारा संगणक सेफ मोडमध्ये दिवसभर टिकला, तर ड्रायव्हर किंवा बाहेरचे सॉफ्टवेअर दोषी असण्याची शक्यता वाढते. तथापि या स्थितीत ग्राफिक्स कार्डावर आणि प्रोसेसरवर फारसा भार पडत नसल्याने तेवढ्यावरून हार्डवेअरला निर्दोष ठरवता येत नाही.

विंडोजच्या स्वतःच्या फाइल्स बिघडल्या असतील, तर त्या तपासणाऱ्या दोन आज्ञा कमांड प्रॉम्प्टमध्ये, तो 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' या पर्यायाने उघडून, द्याव्या लागतात : आधी 'डिझम' ही आज्ञा 'रिस्टोअरहेल्थ' या पर्यायासह, जी दुरुस्तीसाठी लागणाऱ्या मूळ फाइल्सचा साठा ठीक करते, आणि नंतर 'एसएफसी' ही आज्ञा 'स्कॅननाऊ' या पर्यायासह, जी त्या साठ्यातून बिघडलेल्या फाइल्स बदलते. 'ड्रायव्हर व्हेरिफायर' हे विंडोजमधील आणखी एक साधन ड्रायव्हरांवर मुद्दाम ताण देऊन दोषी ड्रायव्हर उघडा पाडते. पण ते चालू केल्यावर संगणक सुरू होतानाच पुन्हा पुन्हा कोसळू शकतो, म्हणून सेफ मोडमध्ये जाऊन ते बंद कसे करायचे हे अवगत असणाऱ्यानेच ते वापरावे.

हार्डवेअरच्या बाजूची तपासणी

रॅमची प्राथमिक चाचणी विंडोजमधील 'मेमरी डायग्नॉस्टिक' करते, परंतु तिने काही आढळले नाही असे सांगितले तरी तो निर्णय अंतिम धरू नये. पेनड्राइव्हवरून चालणारे 'मेमटेस्ट८६' अधिक कसून तपासते. त्याच्या किमान ४ फेऱ्या होऊ द्याव्यात, त्यासाठी रात्रभर संगणक चालू ठेवावा लागला तरी चालेल, आणि एक जरी चूक दाखवली गेली तरी दोष आहे असे समजावे. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक काढून, आणि तीच पट्टी वेगवेगळ्या स्लॉटमध्ये बसवून चाचणी घ्यावी, म्हणजे दोष पट्टीत आहे की मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये, हे कळते. हे करताना विजेची वायर काढलेली असावी, लॅपटॉपची बॅटरी शक्य असल्यास सोडवलेली असावी आणि अंगातील स्थिर विद्युत उतरवण्यासाठी कॅबिनेटच्या धातूला आधी स्पर्श करावा. दमट हवेच्या किनारपट्टीवर पट्टीच्या सोनेरी टोकांवर थर साचून संपर्क बिघडू शकतो. अशा वेळी ती टोके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडी झाल्यावर पट्टी पुन्हा नीट बसवल्यानेही काम भागू शकते. बायोसमध्ये 'एक्सएमपी' किंवा 'एक्स्पो' चालू असेल, म्हणजे रॅम तिच्या प्रमाणित वेगापेक्षा अधिक वेगाने चालवली जात असेल, तर ती सोय बंद करून पाहणे हा बिनखर्चाचा आणि अनेकदा गुण देणारा उपाय आहे.

डिस्कची प्रकृती 'स्मार्ट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, डिस्कनेच ठेवलेल्या नोंदींवरून कळते, आणि 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे निःशुल्क सॉफ्टवेअर त्या वाचून दाखवते. हार्ड डिस्कमध्ये 'रीॲलोकेटेड' आणि 'करंट पेंडिंग' या प्रकारच्या सेक्टरांची संख्या वाढत असेल, तर ती डिस्क बदलण्याचीच तयारी करावी. 'चेक डिस्क'ची सखोल तपासणी बॅकअप झाल्यानंतरच चालवावी, कारण मरणोन्मुख डिस्कला ती झेपेलच असे नाही. डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल सैल असणे हे अगदी स्वस्तात दूर होणारे कारण पुष्कळदा नजरेतून सुटते.

उष्णतेबाबत एक गैरसमज रूढ आहे. आधुनिक प्रोसेसर तापल्यावर आधी आपला वेग कमी करतात आणि तरीही तापमान वाढत राहिले तर यंत्र बंद करतात. त्यामुळे उष्णतेने निळा पडदा येण्यापेक्षा संगणक मंदावणे किंवा एकाएकी बंद होणे हे अधिक संभवते. तरीही 'एचडब्ल्यूइन्फो'सारख्या सॉफ्टवेअरने भाराखालील तापमान पाहावे, आणि ते सातत्याने ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या घरात जात असेल तर पंखे, धूळ आणि प्रोसेसरवरील थर्मल पेस्ट यांकडे लक्ष द्यावे. एसएमपीएसचा दोष घरी मोजता येणे कठीण असते. भार वाढताच, विशेषतः खेळ सुरू होताच, संगणक कोसळत असेल तर खात्रीचा दुसरा एसएमपीएस काही दिवस लावून पाहणे हीच व्यवहार्य परीक्षा होय.

डेस्कटॉपमध्ये इंटेलचा १३ व्या किंवा १४ व्या पिढीचा वरच्या श्रेणीतील प्रोसेसर असेल, तर एक वेगळी शक्यता तपासावी. या प्रोसेसरांना गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज दिले जात असल्याने ते कालांतराने अस्थिर होत असल्याचे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले, त्यावर बायोस अपडेटद्वारे मायक्रोकोडमधील, म्हणजे प्रोसेसरच्या अंतर्गत आज्ञावलीतील, सुधारणा उपलब्ध करून दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ही सुधारणा पुढील झीज रोखण्यासाठी आहे, झालेली झीज ती भरून काढत नाही. म्हणून अपडेटनंतरही निळे पडदे चालूच राहिल्यास वॉरंटीतून प्रोसेसर बदलून मागावा. बायोसचे अपडेट करताना मध्येच वीज गेल्यास मदरबोर्ड निकामी होऊ शकतो, तेव्हा ते यूपीएस असल्याखेरीज करू नये.

शेवटचे उपाय आणि सावधगिरी

एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर विंडोज नव्याने बसवणे हा उपाय राहतो, आणि या टप्प्यावर ती एक चाचणीही ठरते : नव्या विंडोजवर बाहेरचे काहीही न बसवता संगणक पूर्वीसारखाच कोसळत असेल, तर दोष हार्डवेअरमध्ये आहे हे जवळजवळ सिद्ध होते. दुरुस्तीच्या दुकानात जाताना स्टॉप कोडची छायाचित्रे, तारखा, प्रसंग आणि आतापर्यंत केलेल्या चाचण्या यांचा कागद सोबत द्यावा. त्यामुळे तंत्रज्ञाचा वेळ वाचतो आणि विनाकारण भाग बदलले जाण्याची शक्यता कमी होते. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर तो घरी उघडण्यापूर्वी वॉरंटीच्या अटी वाचाव्यात.

ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या बनावट निळ्या पडद्यांपासून मात्र सावध राहावे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या त्रुटीसंदेशात फोन करण्यासाठी क्रमांक कधीही दिलेला नसतो. क्रमांक दिसला, कर्कश आवाज येऊ लागला किंवा दूरस्थ नियंत्रणाचे सॉफ्टवेअर बसवण्यास सांगितले गेले, तर ती फसवणूक समजून कंट्रोल, आल्ट आणि डिलीट या कळांनी टास्क मॅनेजर उघडावा व ब्राउझर बंद करावा. पैसे गेलेच असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदतक्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी.

दोष गेला असे केव्हा म्हणावे, याचाही नियम ठरवून घेणे आवश्यक असते, कारण कधीमधी उद्भवणारा दोष दोन दिवस दिसला नाही म्हणून बरा झालेला नसतो. पूर्वी दोन निळ्या पडद्यांमध्ये जास्तीत जास्त जेवढे अंतर पडत असे, त्याच्या किमान तिप्पट काळ संगणक नेहमीच्या वापरात टिकला, तरच शेवटचा बदल लागू पडला असे मानावे आणि तोपर्यंत दुसरा कोणताही बदल करू नये. एकाच दिवशी ड्रायव्हर, रॅम आणि बायोस असे सर्व काही बदलणाऱ्याचा संगणक कदाचित सुधारेल, पण तो पुन्हा कोसळला तर त्याला तपास पहिल्यापासून करावा लागेल.